दारातली मोठी गाडी

आमच्या लॅबमध्ये कवळ्या तयार होतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, आम्ही त्याचा प्लास्टरचा साचा ओततो, मेणात दात बसवतो आणि मग पक्की कवळी घडवून, घासूनपुसून परत पाठवतो. मेणात दात बसवणं हे सगळ्यात नाजूक काम, आणि ते ताईंकडे. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या तिथे होत्याच. मला त्यांच्या शेजारचं टेबल मिळालं. हात कामात गुंतले की माणूस मोकळं बोलतो, म्हणून ही हकिगत मला ठाऊक आहे.

ताईंनी लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर "राहून गेलं" एवढंच म्हणायच्या. घरात त्या थोरल्या, पाठीवर एक भाऊ आणि एक बहीण. आई लवकर गेली, वडिलांची मिळकत बेताची, तेव्हा धाकट्या दोघांची शिक्षणं ताईंच्या पगारातून झाली. हे त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत. बहीण एकदा लॅबवर आली होती, तिच्याकडून मला कळलं. तिनेही ते असं सांगितलं, की जणू त्या काळात ताईंना दुसरा काही उद्योगच नव्हता. पुढे बहीण लग्न होऊन गेली. भाऊ बायकोमुलांसह वडिलांच्या घरात राहिला. ताई लॅबजवळ दोन खोल्या भाड्याने घेऊन राहू लागल्या.

पन्नाशी जवळ आली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा स्वतःसाठी काही करायचं मनावर घेतलं. त्यांना मोठी गाडी हवी होती. नुसती चार चाकं नव्हेत, तर जिचं दार लावलं की रस्ता बाहेर राहतो, अशी गाडी. गाडी चालवायची हौस त्यांना आधीपासून होती. लॅबचा ड्रायव्हर दांडी मारायचा तेव्हा डिलिव्हरीची गाडी त्याच हाकायच्या.

वर्षभर त्यांनी शोध घेतला. घाई म्हणून केली नाही. शेवटी एका म्हाताऱ्या सर्जनची गाडी त्यांच्या नजरेत भरली. बारा वर्षांची, पण एकाच मालकाने वापरलेली, सगळ्या सर्व्हिसिंगच्या पावत्या जपून ठेवलेली. त्याच मॉडेलची दुसरी गाडी छताला काच असलेली, हवेच्या सस्पेन्शनची, डझनभर जास्त बटणांची अशीही मिळत होती, फार महाग नव्हती. जास्त बटणं म्हणजे जास्त दुरुस्त्या, म्हणून ती त्यांनी नको म्हटली. त्यांनी साधी निवडली. घेण्याआधी एका मिस्त्रींना दाखवली. हे मिस्त्री पूर्वी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होते, आता गावाबाहेर स्वतःची शेड टाकून बसले होते. माणूस कुरकुऱ्या, गुडघ्यांचं रडगाणं कायम चालू, आणि सांगितलेल्या दिवशी काम न देण्याची शपथ घेतलेला. पण गाडीखाली शिरून त्यांनी एक ऑइलची गळती शोधून काढली, आणि तेवढ्यावर ताईंनी किंमत अजून खाली आणली. त्याच वर्षी भावाने नवीकोरी छोटी गाडी घेतली होती. ताईंची मोठी गाडी त्याच्या निम्म्याहूनही कमीत पडली.

ती त्यांनी पोसली मात्र शहाण्यासारखी. दर महिन्याला पगारातला एक हिस्सा गाडीच्या नावाने बाजूला जायचा, मग गाडी काही मागो न मागो. ऑइल कंपनी सांगते त्याच्या आधीच बदलायचं. गिअरबॉक्सचं ऑइल जन्मभर चालतं असं कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं, तेही त्यांनी बदलून घेतलं. सुटे भाग कंपनीच्या खोक्यातले घ्यायचे नाहीत. जो कारखाना ते कंपनीला बनवून देतो, त्याच्याच नावाच्या साध्या खोक्यातले घ्यायचे. पुढचा दिवा फुटला तेव्हा भंगारातल्या तशाच गाडीचा बसवला. धुणं-पुसणं स्वतः. जेवणाचा डबा घरचा, कपडे ठरावीक चार, आणि सुट्टीत कुठे जाणं नाही. गाडी चकचकीत आणि बाई साधी, असं ते दृश्य होतं.

लोकांना त्यातली गाडीच दिसायची.

लॅबच्या मालकांनी त्या वर्षी सगळ्यांचा पगार वाढवला, ताईंचा नाही. "तुमचं काय, तुमचं बरं चाललंय," असं हसत हसत म्हणाले. घरमालकाने भाडं वाढवलं आणि वर ऐकवलं, की एवढी गाडी परवडते तर एवढं भाडं का नाही परवडत. ताई सगळ्यांना खरी किंमत सांगायच्या. सुरुवातीला तर आपण किती हुशारीने घेतली हे सांगताना त्यांना मजा वाटायची. लोक ऐकायचे, मान हलवायचे, आणि कुणाचाही विश्वास बसायचा नाही.

भावाच्या डोळ्यांत तर ती गाडी पहिल्या दिवसापासून खुपली. ताई गाडी दाखवायला घेऊन गेल्या तेव्हा तो खाली उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "एकट्या माणसाचं बरं असतं."

"अरे, तुझ्या गाडीच्या निम्म्यात आली ही."

"हो, असेल ना," तो म्हणाला आणि वर निघून गेला.

वडील मात्र हरखले. मागच्या सीटवर बसून त्यांनी लेदरवरून हात फिरवला, ओळखीच्या दुकानासमोर गाडी मुद्दाम थांबवायला लावली, आणि काच खाली करून दुकानदाराशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

पुढे वडिलांची मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिस सुरू झालं, एक दिवसाआड. हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला. नेण्याआणण्याचं कोण बघणार, हा प्रश्न एका बैठकीत सुटला. भाऊ म्हणाला, माझ्या गाडीत बाबांचे पाय अवघडतात. बहीण म्हणाली, माझ्याकडे तर गाडीच नाही. मग दोघांनी ताईंकडे पाहिलं.

ताईंनी मालकांना सांगून कामाची वेळ बदलून घेतली. पहाटे येऊन दात मांडायच्या, मग वडिलांना घेऊन जायच्या, त्यांना मशीनवर लावून लॅबला परत, आणि पुन्हा आणायला. पेट्रोल त्यांचं, टायर त्यांचे. बाजूला टाकलेले पैसे पहिल्यांदाच पुरेनासे झाले. पण वडिलांना ती गाडी मानवली. उपचारानंतर ते गळून जायचे, तेव्हा मागे उशीला टेकून आडवे व्हायचे आणि म्हणायचे, यात घरच्या पलंगापेक्षा बरं वाटतं.

अशाच एका परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "घराचं मी करून टाकलंय."

"काय केलंत?"

"दोघांच्या नावावर केलं. त्याला मुलं आहेत, आणि तिच्या नवऱ्याचं काही खरं नाही. तुझी मला काळजी नाही."

ताई सिग्नलला थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाबा, मी भाड्याने राहते."

"ते कामाजवळ पडतं म्हणून. एवढी गाडी बाळगणाऱ्या माणसाला घर काय जड आहे?"

"ही गाडी काय किमतीला घेतली ते सांगितलं होतं तुम्हाला. त्याच्या छोट्या गाडीच्या निम्मीसुद्धा नाही."

वडील हसले. "तू लहानपणापासून अशीच. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून आपलं कमी करून सांगायचं. मला का कळत नाही?" आणि थोड्या वेळाने म्हणाले, "अभिमान वाटतो मला तुझा. सगळ्यांना सांगतो मी."

हे ताईंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, एका वरच्या कवळीचा सुळा मेणात टेकवता टेकवता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. सिग्नल सुटला."

"तुम्ही त्यांना पावती दाखवायची होती."

"मरायला टेकलेल्या माणसापुढे पावती नाचवू?" त्यांनी सुळा थोडा आत वळवला, डोळा बारीक करून पाहिला. "आणि दाखवली असती तरी त्यांनी गाडीकडेच बघितलं असतं."

त्यानंतरही त्या वडिलांना नेत-आणत राहिल्या. तो विषय पुन्हा काढला नाही. मी नीट पाहत होतो. त्यांच्या वागण्यात फरक पडला नाही, फक्त गाडीत रेडिओ लावायला लागल्या. पूर्वी बापलेक बोलत जायचे.

थंडीत वडील गेले. महिन्याभरात भाऊ आणि बहीण ताईंच्या खोलीवर आले. घर विकायचं होतं आणि घेणाऱ्याला ताईंची हरकत नसल्याची सही हवी होती. बहिणीने येताना फळं आणली होती. बोलणं भावानेच केलं.

"बाबांची इच्छाच तशी होती, त्यात आपण काय करणार. आणि तुला काय कमी आहे, ताई? दारात एवढी मोठी गाडी उभी आहे."

बहीण खाली बघत म्हणाली, "तुझ्याएवढं कुणाला जमलंय आमच्यात."

ताईंनी सही केली. मला राग आला, मी त्यांना बोललोसुद्धा, की भांडायचं तरी. त्या म्हणाल्या, "भांडले असते तर वकिलाची फी द्यायला गाडी विकावी लागली असती. आणि तिचे येऊन येऊन येणार किती? वकील दाराशीही उभं करणार नाही तेवढ्यात."

ते खरं होतं. विकायला काढली तर त्या गाडीच्या पैशात एक खोलीसुद्धा येत नव्हती. वर्षभराने घरमालकाने पुन्हा भाडं वाढवलं तेव्हा ताई शहराच्या कडेला राहायला गेल्या. तिथे गाडीला जागा नव्हती. रस्त्याच्या कडेला, कापड टाकून ती उभी राहू लागली. लॅब लांब पडली, म्हणून गाडीची गरज मात्र पूर्वीपेक्षा वाढली.

आलेल्या पैशातून भावाने नवं घर घेतलं आणि उरलेल्यातून मोठी गाडी घेतली. नवी, शोरूममधून, आणि कमी पडले तेवढ्याचं कर्ज काढून. वॉरंटी होती तोवर कंपनीत नेऊन सोडायची आणि कॉफी पीत बसायचं, एवढंच त्याने केलं. वॉरंटी संपली आणि गिअरबॉक्स झटके द्यायला लागला. कंपनीने खर्चाचा जो अंदाज दिला तो पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा त्याला ताईंची आठवण झाली.

तो सरळ लॅबवर आला. वडील गेल्यानंतर सहीची भेट सोडली तर पहिल्यांदाच.

"तुझे ते मिस्त्री कोण आहेत, ताई? मला घेऊन चल ना."

ताईंनी एप्रन काढला. संध्याकाळी त्या मला वाटेत सोडायच्या, म्हणून मीही मागे बसलो. भाऊ आपल्या गाडीने आमच्या मागे आला, झटके खात.

मिस्त्रींनी त्याची गाडी चालवून पाहिली, वर घेतली, ऑइलचा एक थेंब बोटावर चोळून वास घेतला. ते काळं झालेलं होतं.

"कधी बदललं नाही?"

"कंपनीवाले म्हणाले लागत नाही."

"म्हणणारच." मिस्त्री गुडघा चोळत स्टुलावर बसले. "कंपनीत हे जेवढ्यात करून मिळेल ना, तेवढ्यात तुमच्या बहिणीने अख्खी गाडी घेतली होती. माझ्यासमोर व्यवहार झाला. मी करीन, निम्म्यात होईल. पण घाई करायची नाही."

भावाने ताईंकडे पाहिलं. ताई शेडच्या भिंतीवर टांगलेले पट्टे बघत होत्या.

त्याची गाडी तिथेच ठेवली आणि आम्ही तिघं ताईंच्या गाडीतून निघालो. भाऊ पुढे बसला. मग तो म्हणाला, "तू कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं."

"मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस."

"बाबांनाही तसंच वाटलं."

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांनाही सांगितलं होतं."

त्याने खिडकीबाहेर तोंड वळवलं. मला मागून त्याचा कान आणि गालाची कड दिसत होती. मला खरंच वाटलं, की आता हा काहीतरी बोलेल. तसा तो बोललाही. म्हणाला, "पण आता ते सगळं होऊन गेलं, नाही का."

"हो," ताई म्हणाल्या.

त्याच्या नव्या घराच्या फाटकाशी त्यांनी गाडी थांबवली. उतरताना तो घुटमळला. "वर ये ना, चहा घे."

"याला सोडायचंय."

"बरं. मिस्त्री वेळेवर देतील ना गाडी? मला पुढच्या आठवड्यात बाहेर जायचंय."

"वेळेवर नाही देत ते. पण काम चांगलं करतात."

त्यानंतर त्याची गाडी मिस्त्रींकडेच जाऊ लागली. बहिणीने लॅबवर फोन करून सांगितलं, की दादा हल्ली चारचौघांत मोठी गाडी कमी खर्चात कशी ठेवावी यावर बोलत असतो, आणि आमच्या घरात ही समज पहिल्यापासून आहे असं सांगतो. फोनवर ती हसत होती. ताई नुसतं हूं हूं करत होत्या. फोन ठेवून त्यांनी मेण पुन्हा तापवायला घेतलं.

ताईंची शेडवर जायची पाळी रविवारी असायची. भाऊही रविवारीच येऊ लागला. दोनदा गाठ पडली तेव्हा ताईंनी मिस्त्रींना वार बदलून मागितला. मिस्त्री कुरकुरले, मधल्या वारी गर्दी असते म्हणाले, पण अखेर बुधवार दिला. बुधवारी लॅबमधून लवकर निघायचं म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार जातो.

"एवढं कशाला?" मी म्हटलं. "भेटला तर भेटला."

"भेटला की बोलावं लागतं," ताई म्हणाल्या, आणि दिव्याखाली कवळी धरून खालचे-वरचे दात एकमेकांवर नीट बसतात का ते पाहू लागल्या.