गाडी शिकवणारी ममता

जळगावात बाईमाणसाला चारचाकी शिकायची असली की लोक ममताचं नाव सांगतात. ती मूळची सातपुड्याच्या पायथ्याची. बापाबरोबर फैजपूरकडे केळीच्या कामाला जायची, तिथेच पिकअपचं स्टिअरिंग पहिल्यांदा हातात आलं. पुढे लायसन्स काढलं, जुनी कार घेतली, शेजारच्या सीटपुढेही ब्रेक-क्लच बसवून घेतले आणि ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी लावली. गावच्या कुडाच्या ख्रिस्ती प्रार्थनाघरात वाढलेली ही पोर रविवारी चर्चच्या मंडळीत खड्या आवाजात गायची आणि सोमवारी आकाशवाणी चौकात बेधडक गाडी घालायची.

पण दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसणं सोपं नाही. कोणी रिक्षाच्या अंगावर जातंय, कोणी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबतंय. घरी भाकरी थापतानाही ममताचा पाय ब्रेक मारल्यासारखा आपोआप दाबला जायचा. जबडा दुखायचा, छाती धडधडायची. दवाखान्यात तपासून घेतलं, तर हृदय ठणठणीत.

अशातच सविताताई शिकायला आल्या. चाळिशीच्या, अबोल. धुळ्याला आई एकटी राहते, तिच्याकडे स्वतः गाडी चालवत जायचं, एवढीच त्यांची हौस. एका दुपारी ऐन चौकात त्यांची गाडी पुन्हा पुन्हा बंद पडली, मागे हॉर्नचा कल्लोळ उठला आणि ममताचा तोल सुटला.

“उतरा खाली! तुम्हाला जन्मात जमायचं नाही!”

सविताताई खरंच उतरल्या. रिक्षात बसून निघून गेल्या.

ममताला तोंड दाखवायला जागा उरली नाही. ती तडक कामिनीताईंकडे गेली. त्या तिच्याच मंडळीतल्या, नर्सिंग कॉलेजात शरीरशास्त्र शिकवणाऱ्या.

“ताई, रोज प्रार्थना करते, तरी असं होतं. माझा विश्वासच कमी पडतोय का?”

“विश्वासाला कशाला दोष देतेस? मेंदूत बदामाच्या आकाराचा एक भाग असतो. धोका दिसला की तो विचाराची वाट बघत नाही, थेट अंगाला जागं करतो. तुझ्या कामात त्याला विसावाच नाही. श्वास सावकाश, लांब सोडलास तर धडधड उतरायला लागते, मग डोकं चालतं.”

“मग प्रार्थना?”

“तीच करायची. पण तू देवाला घाईघाईनं गाऱ्हाणी सांगतेस आणि पळतेस. जरा थांब त्याच्याजवळ. हे शरीर त्यानंच घडवलंय ना? त्याची रीत समजून घेतलीस म्हणून तो रागावेल होय?”

ममता प्रत्येक क्लासआधी गाडीत डोळे मिटून बसू लागली. श्वास घेताना, ‘प्रभू, तू इथेच आहेस.’ सोडताना, ‘माझं ओझं तुझ्यावर.’ सुरुवातीला नुसत्या जांभया आल्या. हळूहळू दात आवळले गेले की तिला वेळीच कळू लागलं. तसं झालं की ती गाडी कडेला घ्यायला सांगे. जेवण बुडवून क्लास घेणंही तिने बंद केलं.

मग ती सविताताईंच्या दारात गेली. “चूक तुमची नव्हती. मी घाबरले होते, राग तुमच्यावर काढला. माफ करा, परत या.”

“तुम्ही घाबरता?”

“रोज!”

सविताताई खळखळून हसल्या. दुसऱ्या दिवशी हजर.

सविताताईंना लायसन्स मिळाल्यावर दोघी त्याच गाडीने धुळ्याला निघाल्या, स्टिअरिंगवर सविताताई. पारोळा मागे टाकलं आणि डावीकडून कापसाचा ट्रॅक्टर एकदम रस्त्यावर आला. ममताच्या छातीत धस्स झालं. पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर ठेवून तिने लांब श्वास सोडला आणि शांतपणे म्हणाली, “मागे कोणी नाही. ब्रेक.”

सविताताईंनी ब्रेक दाबला. ट्रॅक्टर पुढून गेला. त्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. ममता हलक्या आवाजात, श्वासागणिक आपली प्रार्थना म्हणू लागली. सविताताईंनीही डोळे मिटले.

“आम्ही बुद्धविहारात असाच श्वास बघत बसतो,” डोळे उघडून त्या म्हणाल्या आणि त्यांनीच चावी फिरवली.

धुळ्यात त्यांची आई झुंबरबाई ओट्यावरच उभी होती. “गाडी कोनी चालाडी वं?”

“मीच, माय!”

म्हातारी पदर खोचून सरळ गाडीत बसली. “मंग चाल, माले बाजारमा लई चाल.”

सविताताईंनी ममताकडे पाहिलं.

“जा तुम्ही दोघी,” ममता ओट्यावर ऐसपैस बसत म्हणाली. “मला भाजीपाल्यातलं काही नको. येताना गरम भजी तेवढी आणा.”