आठ हजार चपात्यांचा समुद्र

माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला बाईंनी छडी मारूनही आलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हा ते तसंच राहिलं. चारचौघांत मला बोलायला जमत नाही, म्हणून बोलायचं राहून गेलेलं मी लेकीच्या जुन्या वहीतल्या कोऱ्या पानांवर लिहिते. वही कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात, आणि आमच्या दाजींचं हसू आलं तर खुशाल हसावं. मीही पुष्कळ हसले आहे.

साऱ्या कोल्हापुरात रुपयांत हिशोब न करणारा एकच माणूस असेल, तो म्हणजे आमचे दाजी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, मालक. दसरा झाला की ते गोव्याला जायचे, समुद्रकाठच्या एका हॉटेलात भटारखान्यात राबायचे आणि पावसाळ्याला हॉटेल बंद झालं की घरी यायचे. नव्वदनंतरची ती वर्षं. रोज साठ रुपये हजेरी पडायची. त्यामुळं जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी इतक्या दिवसांची किंवा तितक्या दिवसांची असे. अक्काची दिवाळीची साडी पाच दिवसांची, छत्री दीड दिवसाची, डॉक्टरची सुई अर्ध्या दिवसाची. समोरचा माणूस दुसऱ्या धंद्यातला असला तर ते त्याच्या सोयीनं सांगत. न्हाव्याला त्यांनी सायकलची किंमत दाढ्यांत सांगितली होती. मी देवळामागच्या एका खाणावळीत चपात्या लाटते, तेव्हा शंभराला पंधरा रुपये मिळायचे, म्हणून मला सगळं चपात्यांत. मी पायातल्या नव्या चपला दाखवल्या तर म्हणाले, "सहाशे चपात्या पायात घालून फिरतीस की गं." त्यानंतर त्या चपला घालून चिखलात उतरायला माझं मन होईना.

दाजींच्या पुतण्याच्या लग्नात तर त्यांनी कहरच केला. नवरदेव पहिला घास घेणार तेवढ्यात हे शेजारी बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "जेव बाबा निवांत. तुझ्या सासऱ्याचं सात महिनं वाढल्यात पानात." नवरदेवानं हातातली जिलबी खाली ठेवली ती ठेवलीच. व्याही आजतागायत विचारतात की मुलाला आमची जिलबी का आवडली नाही.

गोव्याच्या गोष्टी सांगायला लागले की आम्ही बायका हातातलं काम टाकून ऐकायचो. "तिथं भाव पावण्यांचा आणि पगार आपला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका गोऱ्या बाईनं एकटीनं एक मासा खाल्ला, त्याचं बिल एकशेऐंशी रुपये झालं. दाजी सांगताना अजून कळवळायचे. "माझं तीन दिवस खाल्लं तिनं. आणि वर म्हणती, मीठ कमी हाय." त्या गावात चहा महाग, कांदा महाग, आणि सिझन लागला की खोलीवाले कामगारांना बाहेर काढून त्याच खोल्या पर्यटकांना द्यायचे. मग दाजी आणि त्यांचे सोबती हॉटेलच्या गच्चीवर पथारी टाकायचे. यावर उपाय म्हणून हा माणूस गोव्याला जाताना अख्खं कोल्हापूर पोत्यात भरून न्यायचा. ज्वारीचं पीठ, कांदा-लसणाची चटणी, गूळ, कांदे, अंगाचा साबण, कपड्यांचा साबण. एकदा कंडक्टरनं पोत्याचं वेगळं तिकीट मागितलं. दाजी म्हणाले, तिकीट देतो, पण मग पोत्याला बसायला जागा द्या. गडहिंग्लज येईपर्यंत पोतं सीटवर आणि दाजी उभे.

एवढं सगळं होतं, पण अक्कानं समुद्र पाहिला नव्हता. लग्नाला दहा वर्षं झाली, नवरा आठ-आठ महिने समुद्राच्या काठी, आणि हिनं रंकाळा तलावाच्या पलीकडं पाणी बघितलेलं नाही. तिला दुसरी कसलीच हौस नव्हती, एवढीच होती. दर वर्षी ती विचारायची. सिझनला नेता का विचारलं तर दाजी म्हणायचे, आत्ता खोली परवडत नाही. पावसाळ्यात नेता का विचारलं तर म्हणायचे, पावसाळ्यात समुद्र बंद असतो. अक्कानं दहा वर्षं ते खरं मानलं, आणि मीसुद्धा. एकदा खाणावळीत रत्नागिरीकडची पावणी मंडळी जेवायला आली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला आपणहून प्रश्न विचारला, तोही लाटण्याकडं बघत. ते लोक ताटावर वाकून हसले.

मी ते अक्काला सांगितलं. ती सरळ दाजींपुढं जाऊन उभी राहिली.

"बंद असतो म्हंजे काय? कुलूप लावत्यात व्हय समुद्राला?"

दाजींनी बराच वेळ तंबाखू मळली. मग खरं सांगितलं. सिझनला साध्यातली साधी खोली रात्रीला चारशे. दोन रात्रींचे आठशे, अक्काचं जाणं-येणं, खाणं, शिवाय त्यांचे दोन खाडे. सगळे मिळून बाराशे, म्हणजे वीस दिवस. वीस दिवसांत पोरांच्या वह्या आणि महिन्याचं रेशन बसतं. अक्कानं पुन्हा कधी विचारलं नाही, आणि हेच मला जास्त लागलं.

त्या दसऱ्याच्या आधी माझी भिशी लागली. बाराशे रुपये. घरात रॉकेलच्या स्टोव्हनं डोळे जळायचे म्हणून गॅसची शेगडी घ्यायचं मी ठरवलं होतं. मी पैसे रुमालात बांधले आणि दाजींच्या पुढ्यात ठेवले. नुसतं "अक्का" एवढंच म्हणाले. दाजींनी रुमाल सोडला नाही, हातावर तोलला आणि म्हणाले, "आठ हजार चपात्या हायत ह्या. धाकटे, मी ह्या फेडणार." आमच्या मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, तुझ्या हातचे पैसे, तुझं तू बघ. मी आणखी तीन वर्षं स्टोव्ह पेटवला.

नाताळच्या सुट्टीत पोरांना माझ्याकडं ठेवून अक्का गेली. पुढचं तिनंच सांगितलं. पोहोचल्यावर दाजींनी तिला खोलीत नेलं आणि बाहेर सोडेनात. चारशे रुपये मोजल्यात, खोली रिकामी कशी ठेवायची? पंखा पाचवर ठेवला, दोघांनी दोन-दोन वेळा अंघोळ केली कारण पाणी भाड्यातच होतं, गादीवर एकदा या कडेला आणि एकदा त्या कडेला झोपून बघितलं. समुद्राचा आवाज खिडकीतून येत होता आणि दाजी म्हणत होते, थांब की, अजून आजचं भाडं वसूल व्हायचंय. शेवटी अक्कानं चपला पायात घातल्या. "तुम्ही खोली राखा. मी चाललो," म्हणून ती बाहेर पडली.

ती साडीसकट कमरेएवढ्या पाण्यात गेली आणि तिथंच लहान पोरीसारखी हसत सुटली. दाजी मागोमाग आले आणि काठाच्या कोरड्या वाळूत उभे राहिले. ही हाक मारते, ते येत नाहीत. तिला वाटलं पँट भिजेल म्हणून. तिनं येऊन हात धरून ओढलं, तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, "दमानं घे. मी बी पहिल्यांदाच उतरतोय." दहा सिझन तो माणूस समुद्रापासून शंभर पावलांवर कांदे चिरत होता. दिवसभर काम, आणि सुटीचा खाडा पडतो म्हणून सुटी नाही. एवढं सांगून अक्का पोरांचे केस विंचरायला लागली.

त्यानंतर दाजी फेडायला लागले. दर पावसाळ्यात यायचे, उंबऱ्यातच पैसे द्यायचे, मग चहाला बसायचे. कधी तीनशे चपात्या, कधी सातशे. मी कुठं लिहून ठेवलं नाही, आमच्या दोघांच्या डोक्यात होतं. मध्ये एक वर्ष हॉटेल चाललं नाही, तेव्हा फक्त पन्नास चपात्या आणल्या आणि चहा नको म्हणाले. मी तरी ठेवलाच.

शेवटचे आले तेव्हा केस पांढरे झाले होते आणि पुढच्या सिझनला हॉटेलचा मालक त्यांना बोलावणार नव्हता. त्यांनी सहाशे रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले. मी म्हणाले, दाजी, तीन हजार राहिल्या होत्या, त्याचे साडेचारशेच होतात.

"खाणावळीत इचारून आलोय," ते म्हणाले. "आता शंभराला वीस मिळत्यात तुला."

"पण मी दिले तेव्हा पंधराच होते."

"मी तुझं रुपये कुठं घेतलेलं? चपात्या घेतल्या. तुझा हात आता बी तेवढाच दुखतोय न्हवं लाटून?"

मी मान खाली घालून सहाशे रुपये घेतले. दाजींनी माझ्या हातातल्या नोटा पुन्हा एकदा बोटानं मोजल्या आणि म्हणाले, "आठ हजार पुऱ्या झाल्या बघ, धाकटे."