हक्कसोडीची साडी नेसून एफ.वाय.ला

मी कॉलेजात नुसती बेंचवर बसले तरी किस्सा हुतोय बघा. उचगावात माझी पिठाची गिरणी, वय त्रेचाळीस, बारावी सतरा नंबरचा फॉर्म भरून केलेली, नि यंदा एफ.वाय. बी.ए.! सगळं सांगत बसले तर लोकांची दळणं राहतील, पर चार तरी ऐकाच.

फॉर्म भरायला गेले तर खिडकीतला क्लार्क म्हणतोय, “मुलीला आणलं न्हाय व्हय?”

“मीच मुलगी.”

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. “या वयात कशाला, मावशी?”

“वकील व्हायला! आधी बी.ए., मग सीईटी, मग लॉ. अजून काय विचारायचं हाय?”

मागची लाइन हसली. त्यानं पावती फाडली.

आता वकीलच का? तर दहा वर्षांमागं माझ्या थोरल्या दादानं कागद पुढं केला. “सही कर, रीत असती.” केली. वाचलासुद्धा न्हाय. हक्कसोडपत्र होतं ते! वडलांच्या जमिनीतला माझा वाटा गेला नि हातात एक मोरपंखी साडी आली. दादापेक्षा माझाच मला जास्त राग येतो. ती साडी कपाटात तशीच पडून होती. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मुद्दाम घडी मोडली.

त्याच दिवशी सरांनी एकेकाला उभं करून विचारलं, पुढं काय व्हायचंय? मी म्हटलं, “वकील.” मागच्या बेंचवरचा एक पोरगा खिदळला.

“हस लेका, हस! उद्या बायको घराबाहेर काढंल, तवा माझ्याकडंच येशील. डबल फी लावीन!”

पहिल्यांदा सरच हसले. तवापासनं सगळा वर्ग मला ‘वकीलकाकू’ म्हणतोय.

मग हजेरी कमी भरली. नोटीस लागली, पालकांना घेऊन या. आता माझं पालक कोण? नेलं की सासूबाईंना! प्राचार्य बघतच राहिले. सासूबाई खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाल्या, “सून हुशार हाय आमची. सकाळी गिरणीत गर्दी असती, म्हणून दोन तास बुडत्यात. तुम्ही या दळायला, मी तिला वेळेवर धाडते!”

प्राचार्यांनी चहा मागवला.

नि परवाचं ऐका. कॉलेज सुटलं, गेटवर दादा बुलेट लावून उभा. मागं वहिनी. दादाच्या हातात कागद.

“हिचं भाऊ देऊन गेल्यात. हक्कसोडपत्र! नि ही खुळी सही करायला निघालीया. बापाच्या जमिनीत पोरीचा वाटा असतो का न्हाय? तू शिकतीयास न्हवं, वाच की जरा. सांग हिला.”

वर्गातल्या पोरी भोवतीनं जमल्या. मी कट्ट्यावर बसून कागद वाचला. पहिल्या ओळीपासनं शेवटच्या ओळीपर्यंत, सगळा. दादा घाम पुसत होता.

मी उठले. अंगावरच्या मोरपंखी साडीचा पदर नीट केला.

“दादा, वहिनीला तिच्या भावांनी साडी कुठल्या रंगाची आणलीया?”