कुंदाताई आणि शिंपल्याचं बेट

“तुमच्याकडे स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड आहे का?”

कुंदाताई रामटेके माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या अशा. फ्रिस्कोतल्या आमच्या अपार्टमेंटची लाँड्रीरूम, शनिवारची दुपार, मी ड्रायरमधून चादरी काढतेय आणि समोर चाळिशीच्या, ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या बाई. ना स्वतःचं नाव सांगितलं, ना माझं विचारलं. “इंटरनेटवर वेबसाइटसाठी एक नाव घ्यायचं आहे. पैसे रोख देते, आत्ताच्या आत्ता.” मला टेक्सासमध्ये येऊन दोन महिने झाले होते. अनोळखी बाईला कार्ड कशाला द्यायचं, म्हणून मी “बघते हं” म्हणाले. पुण्याचं “बघते” म्हणजे “नाही”, हे नागपूरच्या असूनही त्यांना लगेच कळलं. “राहू द्या,” त्या म्हणाल्या, “मिस्टरांचं वापरते.” आणि ते नाव मिस्टरांच्या कार्डावर, मिस्टरांच्याच नावाने घेतलं गेलं.

या सगळ्या प्रकरणात मला ज्यांच्यावर राग आहे त्यांची यादी करायची झाली, तर पहिलं नाव माझं आहे.

नागपूरला कुंदाताई सोळा वर्षं पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिल ड्राफ्टिंग शिकवत होत्या. त्यांचे मिस्टर अविनाशदादा माझ्याच ऑफिसात टीम लीड. ते एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आले आणि कुंदाताई डिपेंडंट व्हिसावर. म्हणजे राहायची परवानगी, कमवायची नाही. बँकेचं खातं नवऱ्याचं, गाडी नवऱ्याची, घरातला फोनसुद्धा नवऱ्याच्या नावाने. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याखाली, जिथे इतरांकडे डायनिंग टेबल असतं तिथे, गराज सेलमधून आणलेला ड्रॉइंग बोर्ड. जेवायला सगळे सोफ्यावर. कुणी फार मोठं बोलायला लागलं की त्या शांतपणे विचारायच्या, “स्केल काय?” ज्या नकाशावर स्केल नाही तो नकाशा नसतो, नुसतं चित्र असतं, असं त्या विद्यार्थ्यांना सांगत आणि आम्हालाही.

त्या वर्षांत फ्रिस्कोत जिकडे बघावं तिकडे घरं उठत होती. ऑगस्टच्या उन्हात मेक्सिकन माणसं छपरांवर वाकून खिळे ठोकत. कुंदाताई कूलर भरून थंड पाणी नेऊन ठेवायच्या आणि प्रत्येकाला नाव विचारायच्या. मी एकदा म्हटलं, “ताई, नाव कशाला विचारता?”

“उद्या वरून पडला तर हाक कोणाच्या नावानं मारशील?”

हे त्या उगाच म्हणत नव्हत्या. त्यांचा धाकटा भाऊ मिलिंद सर्व्हेअर म्हणून आखातात गेला होता. समुद्रात भर घालून शिंपल्याच्या आकाराचं बेट बनवायचं, त्यावर व्हिला, हॉटेलं, गोल्फचं मैदान, असा तो प्रकल्प. त्याचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याची जाहिरात आधीच पुष्कळ झाली आहे. कुंदाताई त्याला शिंपल्याचं बेट म्हणायच्या. एका जुलैत मिलिंदचे फोन यायचे बंद झाले. घरच्यांकडे ठेकेदाराचा पत्ता नाही, कॅम्पचा नंबर नाही. हातात फक्त ऑफर लेटर आणि त्यावर सोनेरी अक्षरांत प्रकल्पाचं नाव. कुंदाताईंनी फ्रिस्कोत बसून ते नाव इंटरनेटवर शोधलं. निळं पाणी, पांढरी घरं आणि विक्री विभागाचा नंबर मिळाला. त्यांनी फोन लावला.

“पोरगी मोठी गोड बोलली,” त्या सांगायच्या. “मॅडम, तुम्हाला व्हिला समुद्राकडचा हवा की गोल्फकडचा? मी म्हटलं, बाई, मला माझा भाऊ पाहिजे. तिनं फोनच ठेवून दिला.”

एकोणीस दिवसांनी मिलिंद सापडला. ऊन लागून साइटवर कोसळला होता, किडन्या बिघडल्या होत्या, हॉस्पिटलात पडून होता आणि घरी कळवायचं काम कुणाचंच नव्हतं. तो जिवंत परत आला, पण पुन्हा उन्हात उभं राहण्याजोगा राहिला नाही.

त्या शोधाशोधीत कुंदाताईंच्या एक गोष्ट लक्षात आली. कंपनीने वेबसाइटसाठी नाव घेतलं होतं ते तिथल्या देशाचं शेपूट लावून. साधं डॉट कॉम तसंच मोकळं पडलं होतं. लाँड्रीरूममध्ये त्या कार्ड मागत होत्या ते याच नावासाठी. नवीन प्रकल्पांचंही तेच. आज पेपरात घोषणा, उद्या नाव जगभर, आणि समुद्रात अजून एक टोपली वाळू पडलेली नाही. “आधी नाव, मग नकाशा, मग माणूस,” त्या म्हणायच्या. “यांचा क्रमच उलटा हाय.” चिडल्या की पॉलिटेक्निकची मराठी सुटायची आणि माहेरची यायची.

लाँड्रीरूममधल्या त्या “बघते”ची मला लाज वाटत होती, म्हणून वेबसाइट मी बनवून दिली. नावांचं खातं मी अविनाशदादांच्या नावाने उघडून दिलं, पासवर्डही मीच ठेवला. पान अगदी साधं. कुंदाताईंनी बोर्डावर शाईने नकाशा काढला: साइट कुठे, कामगारांचे कॅम्प कुठे, जवळचं सरकारी हॉस्पिटल कुठलं, आणि हो, स्केलसकट. तेव्हा मराठी अक्षरं धड दिसायची नाहीत, म्हणून त्यांनी सगळा मजकूर हाताने लिहिला आणि आम्ही तो स्कॅन करून चढवला. मराठी, हिंदी आणि कुणाकडून तरी लिहून घेतलेलं तेलुगू. तिथे हिंदी समजणारी नर्स कुठल्या वॉर्डात आहे, वकिलातीत कुणाला गाठायचं. सगळ्यात खाली त्यांच्या घरचा नंबर. माणूस हरवला की घरचे प्रकल्पाचं नाव शोधतात. ते शोधताना आधी आपण सापडायला हवं, एवढाच त्यांचा हिशेब. अशी त्याच कंपनीच्या पाच प्रकल्पांची पाच नावं झाली.

इथल्या मराठी मंडळात बातमी पसरली तेव्हा लोकांना वेगळाच अर्थ कळला. “स्मार्ट हं वहिनी! कितीला काढणार?” आमच्यातल्याच एकाने सात-आठ टॉवरांची नावं अडवून ठेवली होती, विकायला. तो कुंदाताईंना आपल्या जातकुळीतल्या समजून टिप्स मागायचा. त्यांनी त्याला एकदाच उत्तर दिलं, “माझी नावं वापरात हायेत, भाऊ.”

खरंच वापरात होती. सकाळी मुलीला शाळेत सोडून आल्या की फोन सुरू व्हायचा. एकदा मी सुट्टीवर त्यांच्या घरी बसले होते. भंडाऱ्याकडची सुनंदा नावाची बाई बोलत होती. नवऱ्याचा दोन महिने पत्ता नव्हता. कुंदाताईंनी स्पीकर लावला.

“रडू नको, सुनंदा. मला आधी सांग, त्याच्या बसचा रंग कोणता सांगत होता तो?”

“बसचा रंग? पिवळी म्हणत होते, ताई. पिवळ्यावर हिरवा पट्टा.”

“मग तो तिसऱ्या कॅम्पात. थांब.” तीन फोन केले. चौथ्या दिवशी सुनंदाचा नवरा सापडला. ठेकेदार बदलला होता, फोन काढून घेतला होता. कुंदाताईंनी बोर्डावरच्या कागदावर एक टिंब केलं आणि चहा टाकला. एवढाच समारंभ.

मग डॅलसच्या एका लॉ फर्मचं पत्र आलं. नाव आमच्या अशिलाचं आहे, ताबडतोब सोडा, नाहीतर खटला. अविनाशदादा पांढरे पडले. ग्रीन कार्डचा अर्ज मधल्या टप्प्यावर होता. कुंदाताईंनी मला बसवून उत्तर सांगितलं आणि मी ते इंग्रजीत लिहिलं: नाव तुमचं आहे, तर त्या नावाखाली पडणारी माणसंही तुमचीच. दोन्ही घ्या. माणसांची चौकशी करणारा एक नंबर तुमच्या पानावर टाका, मी त्याच दिवशी नाव फुकट देते.

त्याला उत्तर आलं नाही. पुढचं पत्र आलं ते अविनाशदादांना, कारण कागदोपत्री मालक ते. त्या पत्रात खटला नव्हता, किंमत होती.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. पण जे माहीत होतं ते पुरेसं होतं. अविनाशदादा माझ्या डेस्कपाशी आले. “वैशाली, तो पासवर्ड दे ना. कुंदालाच पाहिजे, तिच्याकडचा हरवला.” कुंदाताईंची पेन्सिल कधी हरवली नाही. फोन माझ्या टेबलावर होता, एक कॉल केला असता तर कळलं असतं. पण त्याच आठवड्यात माझं अप्रेझल होतं आणि ते अविनाशदादाच लिहिणार होते. मी पिवळ्या चिठ्ठीवर पासवर्ड लिहिला आणि त्यांच्या हातात दिला.

सोमवारी शिंपल्याच्या बेटाचं पान उघडलं तर निळं पाणी आणि पांढरी घरं. पाचही नावं गेली होती. अविनाशदादा सगळ्यांना सांगत राहिले, “घाबरलो हो मी. फॅमिली आहे, व्हिसाचा प्रश्न आहे.” कुंदाताईंनी वकिलांचा सगळा पत्रव्यवहार वाचून काढला. त्यात अविनाशदादांनी दोनदा किंमत वाढवून मागितली होती.

“घाबरलेला माणूस घासाघीस करत नाही,” त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या नाहीत. माझ्याशी त्या तेव्हा बोलतच नव्हत्या. नवऱ्याला म्हणाल्या आणि मी दारात उभी होते.

चार महिन्यांत अविनाशदादांनी नवीन घर घेतलं. डाउन पेमेंट कुठून आलं ते सगळ्यांना माहीत होतं आणि गृहप्रवेशाला सगळे गेले. मीही गेले. कुणीतरी हौसेने म्हणालं, “वहिनी, घर दाखवा ना!” कुंदाताईंनी हातातला ट्रे खाली ठेवला. “या, दाखवते.” स्वयंपाकघरात ओट्यावर हात ठेवून म्हणाल्या, “हा ग्रॅनाइट. करीमनगरची एक म्हातारी मुलासाठी फोन करायची, तिचा.” जिन्यापाशी म्हणाल्या, “हे कठडे दोन भावांचे, चंद्रपूरच्या.” मग वरच्या बेडरूमच्या दाराला हात लावला. त्यांची मुलगी म्हणाली, “मॉम, स्टॉप. प्लीज.” अविनाशदादा दात आवळून पुटपुटले, “कुंदा, लोकं आहेत.”

“तेपण लोकंच होते, अविनाश.”

लोक खाली जाऊन जेवले. श्रीखंड होतं. मीसुद्धा जेवले. आजही आठवलं की त्या श्रीखंडाची आणि माझी मला सारखीच शिसारी येते.

मुलीचं शाळेचं वर्ष संपलं तशी कुंदाताईंनी तिला विचारलं, कुठे राहायचंय. ती इथे राहिली. कुंदाताई एकट्या नागपूरला परत गेल्या. पॉलिटेक्निकमध्ये त्यांना तासावर घेतलं. जाताना एअरपोर्टला सोडायला त्यांनी मला सांगितलं. गाडीत मी रडत माफी मागायला लागले, तशा त्या म्हणाल्या, “गाडी नीट चालव. मला सॉरी म्हणून काय होते? यांना म्हण.” आणि पर्समधून त्यांच्या अक्षरातले चार कागद काढून डॅशबोर्डवर ठेवले. ज्यांच्या ज्यांच्याकडे फ्रिस्कोचा नंबर होता ती घरं. “घर बदललं तेव्हा अविनाशनं फोनही तोडला. हे लोक अजून तिथंच लावत असतील. एकेकाला फोन कर, तुझा नंबर दे. मीही तिकडून करतेच.”

मी रोज सकाळी ऑफिसच्या आधी दोन-तीन फोन करायचे. रविवारी जास्त. अशाच एका रविवारी हिंगणघाटजवळच्या एका खेड्यात फोन लागला. म्हातारा आवाज, रामदास नगराळे. मुलगा उमेश शिंपल्याच्या बेटावर सुतार. तीन महिने फोन नाही.

“काका, तुम्ही आमच्या जुन्या नंबरवर लावलात का?”

“रोज लावतो ना माय. एक बाई उचलते. इंग्रजीत बोलते. मी तिले सांगतो, उमेश नगराळे, उमेश नगराळे. ते थांबतच नाही, आपलंच बोलत राहते.”

ती बाई म्हणजे टेलिफोन कंपनीची टेप होती. हा नंबर बंद आहे, एवढंच ती सांगत होती. घरच्या फोनवरून परदेशी कॉल लागत नाही म्हणून तीन महिने हा माणूस पीसीओवर पैसे भरून तिला आपल्या मुलाचं नाव सांगत होता.

कुंदाताईंच्या कागदावरची हिंदी समजणारी नर्स अजून त्याच वॉर्डात होती. तिला उमेश आठवला. परांची कोसळून कंबर मोडली होती. अडीच महिने पडून होता. घरचा नंबर त्याच्या फोनमध्ये आणि फोन ठेकेदाराकडे. नऊ दिवसांपूर्वी तो गेला.

मी नागपूरला फोन केला. कुंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं. नंतर जे बोलल्या ते मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं; कंपनीला, वकिलांना, नवऱ्याला आणि मला, कुणाला सोडलं नाही. त्यातला एकही शब्द जास्तीचा नव्हता. थकल्यावर त्यांनी विचारलं, “बापाला कोण सांगते?”

“तुम्ही सांगाल का, ताई?”

“नाही. तूच सांग. हळू सांग, दोनदा सांग. आणि तो ठेवल्याशिवाय तू फोन ठेवू नको.”

मी सांगितलं. हळू सांगितलं, दोनदा सांगितलं. मागे कुठेतरी एक बाई विचारत होती, “कोणाचा फोन हाय जी?” नगराळे काकांचा श्वास ऐकू येत होता, मधूनच भांड्याचा आवाज येत होता. पाऊण तास झाला. त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.