ते लू नव्हतीच

नवतपा लागला होता, उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस. खापरखेड्याले आमच्या क्वार्टरमंदी माही पाच वर्षाची पोरगी सकाळपासून उलट्या करून राहिली होती. पोट दुखते म्हणे. मी तिले कडेवर घेऊन नुसती आत-बाहेर करून राहिली होती. सासूबाई म्हणे, "काहून वं इतकी घाबरतं? ऊन लागलं, लू लागली तिले." त्याईनं कांदा ठेचून तिच्या तळपायाले चोळला, गूळ घालून कैरीचं पन्हं पाजलं. पोरगी गटागटा पिये, अन् अजून पाणी मांगे.

अन् घडी घडी लघवीले जाये! तिथंच मी अडकली. मले लू लागली होती माहेरी, कुहीले, तवा दिवसभर लघवी झाली नव्हती. अन् हिची जीभ कोरडी, पोटात काही टिकत नाही, तरी हे इतकी लघवी कुठून? श्वास तर असा जोराचा, जशी धावत आली. अन् पोरगी झोपून!

म्या सासूबाईले म्हटलं, "आत्याबाई, लू नाही हे!"

"आली मोठी सातवी शिकलेली डॉक्टरीण!"

बोला म्हटलं काय बोलाचं ते. नवऱ्याले ओरडली, "गाडी काढा, आत्ता!"

नागपूरच्या दवाखान्यात तिच्या बोटाले टोचलं, तर मशीननं आकडाच नाही दाखवला, इतकी शुगर! डॉक्टरबाई म्हणाल्या, "हिच्या अंगात इन्सुलिन बनत नाही. म्हणून साखर रक्तातच राहते, लघवीतून पाणी ओढून नेते. शरीर मग चरबी जाळतं, त्याचं आम्ल रक्तात साचतं. उलट्या, हा श्वास, सगळं त्याचंच."

"म्या गोड लय देल्लं काय, मॅडम?"

"नाही हो. गोड खाऊन होत नाही हा आजार."

सलाईन लावलं, इन्सुलिन चालू केलं. मी तिच्या पोटाकडेच पाहून राहिली, वर-खाली, वर-खाली. हळूहळू श्वास शांत झाला. दुसऱ्या दिवशी डोळे उघडून म्हणते, "आई, भूक लागली." मी इतक्या जोरानं हासली का सिस्टर धावत आली, "बाई, हळू! वार्ड आहे हा!"

सुट्टी देताना डॉक्टरबाईनं बजावलं, ताप येवो, उलटी होवो, पोरगी कमी जेवो, इन्सुलिन आपल्या मनानं बंद कराचं नाही. उन्हात ठेवलं तर ते खराब होते. मंग हेच पुन्हा होईन.

घरी इन्सुलिनची पयली सुई मीच देल्ली.

"आई, तू काहून डोळे मिटून राहिली? सुई तर मले टोचते!"

डोळे उघडले, अन् टोचली.