सगळ्या फोटोंत पदर

रोलमध्ये फोटो छत्तीस. नीट भरला आणि नशीब जोरावर असलं तर सदतीस! पण एका रोलमागे किस्से किती निघतील याला काही लिमिट नाही. आमच्या रविवारच्या टोळीचे फोटो कुठल्या कुठे गेले, किस्से मात्र वाढतच चाललेत. चार जण जमले की कोणीतरी म्हणतंच, "अरे, ते रामकुंडावरचं सांग ना!" आणि मग सगळ्यांचा चहा गार होतो.

आधी टोळी सांगतो. दिलीपचा नाशिकरोडला छोटासा फोटो स्टुडिओ. रोल धुणं, प्रिंट काढणं आणि आम्हाला शिव्या घालणं, ही तिन्ही कामं त्याची. बबन मूळचा निफाडकडचा, सातपूरला माझ्याच कंपनीत, माझ्याच शिफ्टला. आणि आमच्यात सगळ्यात मोठे म्हणजे नाना. नानांनी सगळी नोकरी रेल्वेत गार्ड म्हणून काढली, बरीचशी मनमाडला. नव्वद साल उलटल्यावर रिटायर झाले, नाशिकरोडला राहायला आले, कॅमेरा घेतला आणि थेट दिलीपच्या दुकानात शिरले.

"मला फोटो काढायला शिकव," म्हणाले. "एकाच माणसाचा काढायचाय."

ते एक माणूस म्हणजे माई, त्यांची बायको. दर रविवारी नानांच्या स्कूटरवर मागे माई, माईंच्या मांडीवर डब्याची पिशवी आणि पुढे आमची वरात.

*

रामकुंडावरचं आधी सांगून टाकतो.

सकाळची वेळ. गोदाघाटावर कोवळं ऊन, पायऱ्यांवर ओल्या साड्या वाळत घातलेल्या, आणि कबुतरं तर विचारूच नका. दिलीपला त्या बसलेल्या कबुतरांचा शांत, गंभीर फोटो हवा होता. तो पायरीवर पालथा पडला होता. आम्हाला श्वास घ्यायचीसुद्धा बंदी.

तिकडे नाना माईंना फोकसमध्ये घेत होते. आता सगळं जग फोटो काढताना "स्माईल प्लीज" म्हणतं. नाना गार्ड! त्यांनी खिशातून शिट्टी काढली आणि फुर्रर्र करून वाजवली!

अख्खा घाट दचकला. कबुतरं एकदम उडाली, आंघोळ करणारे एक आजोबा "गाडी आली काय?" म्हणत पाण्याबाहेर आले. दिलीप दचकला आणि त्याचं बटण दाबलं गेलं. तो फोटो, पंखांनी भरलेल्या आभाळाचा, पुढे कित्येक वर्षं त्याच्या दुकानाच्या काचेत होता. गिऱ्हाईक विचारायचं, "किती वेळ थांबला होता हो यासाठी?"

दिलीप म्हणायचा, "सिग्नल मिळेपर्यंत."

*

पांडवलेणीला बबनने स्वतःच्या हाताने पहिला रोल भरला. कोणाला हात लावू दिला नाही. पायऱ्या चढता चढता फोटो, मूर्तींचे फोटो, वरून दिसणाऱ्या नाशिकचे फोटो. आमचे रोल संपले, हा आपला खटाखट काढतोय!

"छत्तीस कधीच झाले," बबन म्हणाला, "अजून चालूच हाय! लय भारी रोल दिलाय दिलीपभाऊनी."

दिलीपचा चेहरा उतरला. त्याने कॅमेरा हातात घेतला, रोल गुंडाळायची कळ फिरवून बघितली. सैल! फिल्मचं टोक अडकलंच नव्हतं, त्यामुळे फिल्म जागची हललीच नव्हती. सकाळपासून एकही फोटो निघाला नव्हता.

बबन तिथेच पायरीवर टेकला. माईंनी त्याच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. तो खाऊन झाल्यावर म्हणाला, "म्हंजे आता आठवणीतच धुवायचे का सगळे?"

*

आता मुद्द्याचं. नाना माईंचे एवढे फोटो काढायचे, पण एकातही माईंचा चेहरा पुरता नाही. प्रत्येक फोटोत पदर! माई हसल्या रे हसल्या की उजवा हात आपोआप वर यायचा आणि पदर तोंडावर. गंगापूर धरणावर पदर, त्र्यंबकच्या रस्त्यावर पदर, सोमेश्वरच्या धबधब्यापाशी ओला पदर. दिलीप एकदा वैतागून म्हणाला, "नाना, आपण साड्यांचं कॅलेंडर काढू या का?"

कारण काय, तर माईंचा पुढचा एक दात. थोडा वाकडा, शेजारच्यावर चढलेला. लग्न होऊन आल्यावर सासरच्या कुठल्याशा आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी सुनावलं होतं, "सूनबाई, हसताना पदर घेत जा, दात दिसतो." बस! आत्याबाई देवाघरी गेल्या, पण हात काही खाली आला नाही.

हे नानांनी आम्हाला धरणाच्या काठावर सांगितलं. माई जरा लांब डबा उघडत होत्या.

"मी हिला बघायला गेलो तेव्हा पोह्याची बशी देताना ही कशाला तरी खुदकन हसली," नाना म्हणाले. "तो दात दिसला. मी तिथंच होकार दिला, पोहे खायच्या आधी. आणि तेव्हापासून मलाच बघायला मिळत नाही, सांगा!"

"घरात तरी?" मी विचारलं.

"घरातही. सवयच लागली ना रे तिला."

मग हळूच म्हणाले, "आणि आता हिरड्या गेल्यात तिच्या. डॉक्टर म्हणतो, दिवाळीनंतर पुढचे सगळे दात काढायचे. कवळी बसवायची. त्याच्या आत मला एक फोटो पाहिजे. बास, एक!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्या दिवसापासून फोटो नानांचा एकट्याचा राहिला नाही, आमच्या सगळ्यांचा झाला.

*

नांदूरमध्यमेश्वरला बबनने बेत केला. पक्षी बघायला माणसं जशी लपून बसतात, तसं आपण माईंना लपून टिपायचं! तो भल्या पहाटे पाणवेलीत जाऊन बसला. अंगाला चिखल, डोक्यावर पोतं, हातात दिलीपची लांब लेन्स.

आम्ही माईंना काठावर आणून बसवलं आणि नानांनी मनमाड स्टेशनवरचे एकसे एक किस्से काढले. माईंना हसू यायला लागलं, हात वर जायला लागला, आणि मध्येच त्या उठल्या. सरळ पाणवेलीपाशी गेल्या.

"बबन, असा चिखलात काय बसलास रे? सर्दी होईल! हे घे, गरम आहे तोवर खा."

प्रिंट आली तेव्हा दिलीपने ती आमच्यासमोर टेबलावर ठेवली. त्यात माई नव्हत्या. अख्ख्या फोटोभर फक्त एक मेथीचा पराठा होता.

*

देवळाली कॅम्पातले इंग्रजांच्या वेळचे बंगले म्हणजे फोटो काढणाऱ्याला मेजवानी. उतरती कौलं, लाकडी जाळीचे व्हरांडे, फाटकावर बोगनवेल. अशाच एका फाटकाशी आम्ही घुटमळत होतो, तेवढ्यात आतून एक पारशी म्हातारी आली. हाकलून देईल असं वाटलं, पण तिने सगळ्यांना आत बसवून चहा पाजला. गप्पांत दातांचा विषय निघाला. माई म्हणाल्या, फार भीती वाटते हो.

"अरे, घाबरते कशाला? मला बघ नी!" म्हणत म्हातारीने स्वतःच्या दातांवर नखाने टकटक वाजवून दाखवलं. "सगला नवा! चिक्की बी खाते मी!"

माई पदराआड इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. परत निघताना एकदम खुशीत म्हणाल्या, "अहो, एकदा नवे दात येऊ द्या. मग मी पदर घेणारच नाही. काढा हवे तेवढे फोटो!"

नाना स्कूटरकडे वळले. माईंसाठी आम्हाला बरं वाटत होतं आणि नानांसाठी वाईट वाटत होतं. दोन्ही एकदम वाटलं की माणसाने करायचं काय? स्कूटरला किक मारताना नाना माझ्या कानाशी पुटपुटले, "ते हसणं कवळीचं रे. माझं नाही."

*

दिवाळी झाली. दवाखान्यात जायचं त्याच्या आदल्या रविवारी नाना म्हणाले, इगतपुरीला जाऊ. घाटाच्या अलीकडे रुळांच्या वरच्या अंगाला एक टेकाड आहे. खाली रूळ, पलीकडे डोंगर, आणि गवत पिवळं झालेलं. आम्ही तिघांनी कॅमेरे गळ्यात अडकवून ठेवले होते, तयार! सकाळभर नानांनी जोक सांगितले, बबनने नाचून दाखवलं. पदर, पदर, पदर.

दुपारी माई म्हणाल्या, "बिचारे तुम्ही! तुमचा एक तरी फोटो आहे का? द्या तो कॅमेरा. आज मी काढते."

दिलीपने त्यांना कॅमेरा धरायला शिकवलं. एक हात खाली लेन्सला, एक बटणावर. नाना समोर उभे राहिले ते असे ताठ, की पासपोर्टचा फोटो चाललाय!

एवढ्यात खालून एक मालगाडी आली. डबे सरता सरेनात. शेवटी गार्डचा डबा आला. त्यातला गार्ड बाहेर उभा होता, त्याने आमच्याकडे बघून सहज हिरवा बावटा हलवला. आणि नाना! बायको फोटो काढतेय हे साफ विसरून त्यांनी टाचा जुळवल्या, खिशातला रुमाल उपसला, हात सरळ लांब केला आणि गंभीर चेहऱ्याने तो बावट्यासारखा हलवायला लागले. रुमाल लाल होता! खालच्या गार्डने कपाळाला हात लावला.

माई हसल्या.

खो खो हसल्या. दोन्ही हात कॅमेऱ्याला, पदर खांद्यावरून वाऱ्यावर. तो दात, ते सगळं तोंड, उन्हात. इतकं गोड हसणं मी आजवर पाहिलेलं नाही, खरं सांगतो. नानांचा हात तसाच राहिला, रुमाल तसाच, आणि ते माईंकडे बघत राहिले. माईंनी हसता हसता बटण दाबलं.

गाडी गेली. नाना धापा टाकत आमच्याकडे वळले. "घेतला? कोणी घेतला का रे?"

दिलीपने माझ्याकडे बघितलं. मी बबनकडे. तिघांचे कॅमेरे गळ्यात तसेच लोंबत होते.

"नाना," बबन रडवेला होऊन म्हणाला, "आमी बघतच राह्यलो."

*

माईंना कवळी बसली. सुंदर बसली. पदरही सुटला. नंतर त्यांचे खूप फोटो निघाले, पुढे त्यांच्या मुलीने डिजिटल कॅमेरा आणला तेव्हा तर शेकड्याने निघाले. ते सगळे अल्बममध्ये आहेत.

नानांच्या हॉलमध्ये भिंतीवर मात्र एकच फोटो, मोठा करून, फ्रेम करून लावलेला. माईंनी इगतपुरीला काढलेला. थोडा हललेला, थोडा तिरका. हात लांब केलेले नाना, आणि त्यांचा तो समोर बघणारा चेहरा.

बबनचं लग्न झालं तेव्हा तो नव्या नवरीला घेऊन नानांच्या पाया पडायला गेला. मीही होतो. ती पोरगी भिंतीकडे बघून भीत भीत म्हणाली, "नाना, तुमचा एकट्याचाच फोटो लावलाय? माईंचा नाय का?"

"माझा कुठला?" नाना म्हणाले. "नीट बघ की! ही हसतेय ना त्यात."