हत्ती चुन्यानं गेला नाही

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. कुणी विषय काढलाच तर पाणी प्यायच्या निमित्ताने उठून आत जायचो. पुढेही टाळलंच असतं. पण गेल्या महिन्यात गेनूभाऊ गेले. सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला, "भाऊसाहेब, अण्णा गेले," एवढंच तो बोलला. मग मंचरला शोकसभा झाली. तिथे आमच्या नाणेसंग्राहक मंडळाच्या चिटणीसांनी माईक हातात घेऊन सांगितलं, "गेनूभाऊंचं नाण्यांवर प्रेम होतं, पण ती जपायची कशी, हे त्यांना कळलं नाही. त्यांचं ते हत्तीचं नाणं त्यांच्याच हाताने गेलं, हे आपण सगळे जाणतो." समोरच्या माणसांनी माना हलवल्या. मी व्यासपीठावर बसलो होतो... मीही हलवली. चिटणीस खोटं बोलले, आणि खोटं आहे हे ठाऊक असून बोलले. पण ते खोटं मुळात माझं आहे. म्हणून आधी माझी झडती, मग त्यांची.

गेनूभाऊ महाळुंगे पडवळचे. मंचरला त्यांची कांद्याची आडत होती. कमरेला कापडी चंची असायची, तिच्या एका कप्प्यात तंबाखू आणि चुन्याची डबी, दुसऱ्यात नाणी. तांब्याच्या शिवराया, संस्थानी पैसे, आणि त्यांचं सगळ्यात लाडकं, हत्तीची छाप असलेलं जुनं शिशाचं नाणं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरल्यावर येडगावच्या काठावर ते त्यांना सापडलं होतं. बोलताना, भाव ठरवताना, नुसतं बसलेलं असतानाही ते नाणं त्यांच्या अंगठ्याखाली फिरत असायचं. वीस-एक वर्षांच्या त्या फिरण्याने हत्तीला काळपट, तेल लावल्यासारखी झळाळी आली होती. आडतीवर आलेल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या हातावर ते नाणं ठेवायचे. "बघा पावणं, दोन हजार वरसांमागं कुणाच्या तरी मुठीत व्हतं ह्ये. आता तुमच्या मुठीत हाय." माणूस ते परत देईपर्यंत गेनूभाऊ त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. नाण्यापेक्षा त्यांना ते तोंडच बघायचं असायचं, हे मला फार उशिरा कळलं.

मी जुन्नरला तहसील कचेरीत कारकून होतो. माझी रीत अगदी उलटी. नाणं कडेने धरायचं, तेही हातमोजा घालून. मग चौकोनी पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये पातळ प्लॅस्टिकच्या खिडकीआड ठेवायचं, चारी बाजूंनी स्टेपलर मारायचा, वर नाव, काळ, धातू लिहायचा आणि कपाटाच्या खणात बंद करायचं. त्यासाठी नव्या प्लायवूडचं कपाट करून घेतलं होतं. घरातही त्याला कुणी हात लावायचा नाही. नाण्याला घाम लागला की नाणं मरतं, असं मी मंडळात सांगत असे आणि लोक ऐकत असत. होल्डर सगळे चिटणीसांच्या दुकानातून घेत, त्यामुळे तेही माझी री ओढत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जुन्नरच्या एका शाळेत आम्ही प्रदर्शन भरवलं. मी काचेखाली होल्डर मांडले, 'हात लावू नये' अशी पाटी ठेवली आणि मागे हात बांधून उभा राहिलो. शेजारच्या टेबलावर गेनूभाऊंनी चंची उपडी केली. थोड्या वेळात सगळी मुलं, त्यांचे मास्तर, प्रमुख पाहुणेसुद्धा तिकडे. माझ्या टेबलापाशी फक्त मी. तेवढ्यात गेनूभाऊ तिकडून मोठ्यांदा म्हणाले, "ओ भाऊसाहेब, तुमची नाणी आजारी हायेत का? नाय, आयसीयूत ठेवल्यागत दिसत्यात, म्हनून इचारलं." हॉल खदखदून हसला. पाहुणे हसले. माझी बायको डबा घेऊन आली होती, ती पदर तोंडाला लावून हसली.

त्यांना त्यात काही वाटलं नसेल. ते सगळ्यांचीच अशी थट्टा करायचे. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. मी ठरवलं, या माणसाला याच हॉलमध्ये, याच लोकांसमोर खाली मान घालायला लावायची. सूड हा शब्द मी तेव्हा वापरला नसता. आता वापरतो. तो सूडच होता, आणि त्याची वाट बघताना मला फार बरं वाटत असे.

मीच पैज सुचवली. वर्षभरासाठी अदलाबदल. त्यांचा हत्ती माझ्या रीतीने राहील, माझं एक नाणं त्यांच्या रीतीने. पुढच्या प्रदर्शनात दोन्ही लोकांसमोर ठेवायची. मी मुद्दाम माझ्याकडचा सगळ्यात लखलखीत चांदीचा रुपया निवडला. तो चंचीत घासला जाणार, त्यावरच्या इंग्रज राजाचा गाल झिजणार, ती चकाकी पुन्हा येणार नाही, हे मला माहीत होतं. तेच मला हवं होतं. त्यासाठी माझं सर्वांत चांगलं नाणं मी मारायला तयार झालो. गेनूभाऊंनी हत्ती माझ्या हातावर ठेवला, तेव्हा क्षणभर त्यांचा अंगठा तसाच हलत राहिला. म्हणाले, "सांभाळा राव. लई सवय हाय त्याला मानसाची."

मी हत्तीला होल्डरमध्ये घातलं, स्टेपलर मारला आणि खण बंद केला. वर्षभर उघडला नाही. न उघडणं हाच तर माझा अभिमान होता.

प्रदर्शनाच्या आधी उघडला तेव्हा होल्डरच्या खिडकीतून पांढरं काहीतरी दिसलं. नाणं फुगलं होतं. स्टेपल काढताना पुठ्ठा हलला आणि हत्तीची सोंड पिठासारखी गळून पडली. टेबलावर पांढरी भुकटी... बायको दारात येऊन उभी राहिली. तिने भुकटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सरळ जाऊन सांगा त्यांना. ते काही खाणार नाहीत तुम्हाला."

मी गेलो नाही. त्या भुकटीचा रंग बघता बघता मला चंचीतली चुन्याची डबी आठवली.

प्रदर्शनात सगळ्यांसमोर मी होल्डर उघडला आणि म्हणालो, "दोष आमच्या रीतीचा नाही. हे नाणं माझ्याकडे आलं तेव्हाच आतून कुजलेलं होतं. वीस वर्षं तंबाखूचा हात, चुन्याचा हात. हा बघा, चुना फुटून बाहेर आलाय." चिटणीसांनी लगेच मान डोलावली. गेनूभाऊ पुढे आले, बोटाने भुकटी उचलून बघितली, आणि ते बोट धोतराला पुसायचं की नाही हे त्यांना कळेना. त्यांनी माझा रुपया चंचीतून काढून टेबलावर ठेवला. राजाचा गाल झिजला होता. "तुमचं खरं व्हतं, भाऊसाहेब," ते म्हणाले. "आमचाच हात वंगाळ." मग खाली मान घालून हॉलबाहेर गेले. मी मागितलं होतं ते सगळं मला मिळालं होतं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

आठवड्याभराने ते माझ्या घरी आले. तंबाखू सोडली होती. म्हणाले, "ते पुठ्ठं द्या मलाबी. आन् एक पेटी करून द्या तुमच्यासारखी." मी दिले. माझ्याच सुताराकडून प्लायवूडची पेटी करून दिली, आणि त्यांची सगळी नाणी मी स्वतः होल्डरमध्ये बंद केली. त्यानंतर आडतीवर कुणाच्या हातावर नाणं पडलं नाही. अंगठा मात्र फिरायचा, पहिल्या बोटावर, रिकामाच.

पुढे काही वर्षांनी, दोन हजार सालानंतर, मी आणि चिटणीस पुण्याला एका मोठ्या प्रदर्शनाला गेलो होतो. तिथल्या एका वयस्कर संग्राहकाने सहज सांगितलं की शिशाची नाणी लाकडात आणि पुठ्ठ्यात बंद करू नयेत. त्यातून आंबट वाफ सुटते, त्यात आपल्याकडची पावसाळी हवा, मग शिसं पांढरं पडून फुगतं. "त्यापेक्षा हाताळलेलं बरं," तो हसून म्हणाला. मी चिटणीसांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे. परतीच्या एसटीत ते म्हणाले, "जाऊ द्या. आता उकरून काय करायचं? लोक होल्डर घ्यायचे बंद होतील." चिटणीस, हे तुम्ही वाचाल तेव्हा ती एसटी आठवा. तुमच्या बाजूची खिडकी बंद होत नव्हती, आणि तुम्ही हे वाक्य दोनदा बोललात. शोकसभेत तुम्ही मेलेल्या माणसावर चिखल उडवलात तो दुकानासाठी. माईकवर बोललात ते तिथेच हवेत विरेल अशी तुमची समजूत असेल. हे छापलेलं राहील.

पण चिटणीसांना धरून मला सुटता येत नाही. गेनूभाऊंच्या पेटीत आणखी शिशाची नाणी होती, ती मीच बंद केलेली. पुण्याहून आल्यावर महाळुंग्याला जाऊन नुसतं "पेटी उघडा" म्हणायचं होतं. नाही गेलो. तेराव्याला त्यांच्या मुलाने ती पेटी माझ्यासमोर उघडली. "अण्णांनी हात न्हाई लावला कधी, तुमी सांगितल्यापास्नं," तो म्हणाला. तांब्याच्या शिवराया होत्या तशा होत्या. शिशाच्या नाण्यांच्या होल्डरांत पीठ होतं.

शेवटची भेट ते जाण्याआधी काही दिवसांची. ते ओसरीत खाटेवर पडून होते. चादरीवर अंगठा बोटावरून फिरत होता. माझा झिजलेला रुपया मी होल्डरमधून काढून खिशात घालून नेला होता, त्यांच्या हातावर ठेवायचा आणि मग सांगायचं असं ठरवून. मी म्हणालो, "गेनूभाऊ, तो हत्ती..." त्यांनी डोळे उघडले. "आजून मनाला लावून घेता व्हय?" ते हसले. "माझ्याच चुन्यानं गेला तो. तुमी काय करनार? च्या घ्या." सुनेने चहा आणला. मी घेतला.

रुपया अजून त्याच सदऱ्याच्या खिशात असतो. परत होल्डरमध्ये घातला नाही. लिहिताना तो डाव्या हातात धरला आहे आणि राजाच्या झिजलेल्या गालावर अंगठा आपोआप फिरतो. त्या खाटेपाशी दोनच वाक्यं बोलायची होती. गेनूभाऊ, हत्ती तुमच्या चुन्यानं नाही गेला, माझ्या खणात गेला. मला माफ...